सावेसाहेबांसाठी कॉफी

२०२२ च्या दिवाळीत सावेसाहेबांनी पालघरच्या आपल्या घरी फराळाला बोलावलं, आणि तिथून परतताना ज्ञानेशच्या डोक्यात मोका पॉट शिरला.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्या केमिकल कंपनीत ज्ञानेश प्रॉडक्शन मॅनेजर होता, तिथले सावेसाहेब प्लांट हेड. माणूस इथलाच, पालघरजवळच्या माहीमच्या वाडीतला, पण अकरा वर्षं परदेशातल्या कारखान्यात काढून आलेला. त्या संध्याकाळी चकल्या-करंज्या झाल्यावर ते स्वतः गॅसपाशी उभे राहिले आणि अष्टकोनी ॲल्युमिनियमच्या एका लहानशा भांड्यात, म्हणजे मोका पॉटमध्ये, त्यांनी सगळ्यांसाठी कॉफी केली. प्रत्येकाच्या हातात कप देताना आधी वास घ्या, मग प्या, असं बजावत होते. ज्ञानेशने डोळे मिटून वास घेतला आणि मान हलवली. साहेबांना ते फार आवडलं. नंदिनीने, म्हणजे ज्ञानेशच्या बायकोने, हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

आठ दिवसांत तसाच पॉट कंपनीने भाड्याने घेऊन दिलेल्या बोईसरच्या फ्लॅटवर कुरिअरने आला. पाठोपाठ चिकमगळूरच्या बिया आणि हाताने फिरवायची दळणी. पॉटचे तीन भाग होते. खाली पाण्याचं भांडं, मध्ये नरसाळ्यासारखी चाळणी, आणि वर कॉफी चढून जमा व्हायचं भांडं. गॅसच्या शेगडीवर तो टिकेना म्हणून नंदिनीने खाली पापड भाजायची जाळी ठेवली. ज्ञानेश स्वतः त्याला कधी हात लावत नसे. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला आणि उद्यापासून सकाळी सात वाजता कॉफी तयार पाहिजे, असं सांगितलं.

पहिल्या दिवशीची त्याने एक घोट घेऊन बेसिनमध्ये ओतली. दुसऱ्या दिवशीचीही. जळकी आहे, पाणचट आहे, कशाचाच वास नाही, लोखंडाचा वास आहे, असं रोज नवीन काहीतरी निघे. कप ओतायचा, नळ सोडायचा आणि कंपनीच्या बसला निघून जायचं. साबणाने घासल्यावर पॉट काळा पडला, तेव्हा त्याने शिकलेल्या बाईला हे कळत नाही का, असं तिच्या सासूसमोर विचारलं. सासू, गोजराबाई, जिंतूरजवळच्या गावाहून दोन वर्षांपूर्वी इथे राहायला आली होती. तिला कॉफीतलं काही कळत नव्हतं, पण सुनेचं चुकतंय एवढं तिला मुलाच्या तोंडाकडे बघून कळायचं.

फेब्रुवारीत ज्ञानेशची बहीण अपेक्षा परभणीहून आली होती. त्या सकाळी नंदिनीने पॉट पूर्ण भरून कॉफी केली. सहा लहान कप होतील एवढी. ज्ञानेशने घोट घेतला आणि कप खाली ठेवला. म्हणाला, जळकी. नंदिनीने त्या दिवशी पहिल्यांदाच उत्तर दिलं. फुरफुर सुरू व्हायच्या आधीच उतरवली होती, जळायचं कारण नाही, असं ती हळूच म्हणाली.

ज्ञानेश आवाज चढवत नसे. त्याने उरलेला पॉट तिच्यासमोर सरकवला.

"मग तू पी. सगळी. म्हणजे जळकी कशाला म्हणतात ते कळेल."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. तो खुर्चीवर बसून राहिला. गोजराबाई म्हणाली, "पी की. वाया कामून घालायलीस? माहेरी कुठं मिळत होतं?" अपेक्षा मोबाइलमध्ये बघत हसली. नंदिनीने ओट्याजवळ उभं राहून बिनसाखरेची, बिनदुधाची कॉफी प्यायली. एकामागून एक पाच कप. ज्ञानेश मध्येमध्ये घड्याळ बघत होता, कारण बसची वेळ होत आली होती. शेवटचा कप संपल्यावर तो बूट घालून गेला.

दुपारपर्यंत तिचे हात थरथरत होते. कुकर उचलवेना. दोनदा ओकारी झाली. छाती इतकी धडधडत होती की तिने भिंतीला टेकून बसून आकडे मोजले. संध्याकाळी आल्यावर ज्ञानेशने आईच्या आणि अपेक्षाच्या देखत विचारलं, की दुपारची झोप छान लागली असेल ना? तिघंही हसली.

नंदिनी मूळची हिंगोलीची. केमिस्ट्रीत बीएस्सी केलेली, लग्नाआधी दोन वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. त्या दिवसानंतर तिने कॉफीचा प्रयोगच लावला. ज्ञानेशला खूश करायचं म्हणून म्हणावं, तर तसंही नव्हतं. त्याला बोलायला जागा ठेवायची नाही, असं तिने ठरवलं होतं. खालच्या भांड्यात गार पाणी घातलं तर कॉफी चाळणीत उगाच तापत राहते, म्हणून ती आधी उकळलेलं पाणी घालू लागली. तेही वाफेच्या पितळी झडपेच्या जरा खालपर्यंतच. चाळणीत पूड दाबायची नाही, चमच्याच्या पाठीने फक्त सपाट करायची. गरम भांडं फडक्यात धरून वरचा भाग घट्ट आवळायचा. गॅस अगदी बारीक. झाकण उघडं ठेवून बघत राहायचं. आधी काकवीसारखी दाट काळी धार येते, मग ती सोनेरी होते, मग फिकी. फिकी झाली की क्षणभरही थांबायचं नाही, गॅसवरून उतरवून बूड नळाखाली धरायचं. चार-पाच महिन्यांत तिचा हात असा बसला की पॉटच्या आवाजावरून तिला पुढचं कळायचं.

समोरच्या दारातली हेमांगी दुपारी यायची. ती जवळच्या पाम गावची, तिथल्या वाडीत वाढलेली, नवरा अणुवीज केंद्रात. तिला नंदिनी उरलेल्या बियांची कॉफी करून द्यायची. हेमांगी कप दोन्ही हातांत धरून बसे.

"अगं, काय वास सुटलाय. आमी जिन्यात असताना कळतं, तुझ्याकडं कॉफी चाललीय," ती एकदा म्हणाली. "आणि हिला तो नावं ठेवतो? त्याला नाक हाय की नाय?"

ती सहज बोलली होती. नंदिनीही सहज हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अगदी तशीच कॉफी ज्ञानेशपुढे ठेवली. त्याने घोट घेतला, मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि उठून कप बेसिनमध्ये ओतला.

असं जवळजवळ वर्ष गेलं.

२०२४ च्या जूनमध्ये एकदा ज्ञानेश जेवताना फार खुशीत होता. प्लांटमधला एक किस्सा त्याने रंगवून सांगितला. चंद्रभान नावाचा एक कंत्राटी ऑपरेटर होता, उत्तर प्रदेशातला. एका पंपाशी तो काम करीना. "साहब, बास आ रही है," असं म्हणत लांब उभा राहिला. गॅस दाखवणारा सेन्सर दुरुस्तीला गेला होता, म्हणून ज्ञानेश स्वतः तिथे गेला. पंपापाशी उभं राहून चार जणांसमोर त्याने दोन-तीन लांब श्वास घेतले. कसलाही वास नव्हता. कामचुकारपणा करू नकोस, असं सांगून त्याने चंद्रभानला पाइपाच्या जोडाचे बोल्ट आवळायला बसवलं आणि स्वतः ऑफिसात गेला. पंधरा मिनिटांत तो पठ्ठ्या तिथेच आडवा. तीन दिवस दवाखान्यात. मास्क घातला नव्हता असं रिपोर्टात लिहिलं, आणि कंत्राटदाराने त्याला काढून टाकलं.

"रडत होता गेटवर," ज्ञानेश म्हणाला. "म्हणे, डोळ्यापुढे अंधारी येते अजून. यांची नाटकं."

गोजराबाईने त्याला आणखी एक भाकरी वाढायला सांगितली. नंदिनीने वाढली. चंद्रभानविषयी तिला वाईट वाटलं, पण भांडी घासेपर्यंत ती ते विसरलीही.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी तिने पॉट गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात हिंगोलीहून भावाचा फोन आला. वडील न्हाणीत घसरून पडले होते. ती बोलत बोलत बाल्कनीत गेली. खालच्या भांड्यात पाणी घालायचं राहून गेलं होतं, हे तिच्या लक्षातच नव्हतं. कोरडा पॉट तापला, आतली रबराची रिंग वितळली, पूड करपली. पाच-सात मिनिटांनी दाराची बेल वाजली. हेमांगी पदराने नाक दाबून उभी होती आणि काय जळतंय, असं विचारत होती. अंघोळीला गेलेली गोजराबाईही आतून ओरडत होती. नंदिनी फोन टाकून स्वयंपाकघरात धावली.

ज्ञानेश तिथेच होता. गॅसपासून दोन हातांवर, ओट्याला टेकून मोबाइल बघत. पॉटच्या सांध्यातून धुराची बारीक रेघ निघत होती, ती त्याच्या पाठीकडे होती. सगळं घर जळक्या रबराच्या वासाने भरलं होतं. पावलं ऐकून त्याने मान वर केली.

"झाली का कॉफी?" त्याने विचारलं.

नंदिनीने गॅस बंद केला. हेमांगी दारातून बघत होती. ज्ञानेशने दोघींकडे पाहिलं, मग धुराकडे, आणि काय वेंधळेपणा चाललाय, असं म्हणून खिडकी उघडली. पण त्याचा चेहरा उतरला होता, आणि तो नंदिनीने पाहिला होता.

पुढचे पंधरा दिवस ती त्याला तपासत होती. हिंगाची डबी उघडून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्याच्या उशीखाली कापूर ठेवला. नासलेल्या दुधाचं पातेलं त्याच्यासमोरून नेलं. त्याला काही कळलं नाही. मग ती मागचं आठवू लागली. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याला कोरोना झाला होता. वास गेलाय असं तेव्हा तो सांगायचा. मग एक दिवस आला म्हणाला, आणि कामावर रुजू झाला. वास कधी परत आलाच नव्हता. आणि पॉट घरात आला तो २०२२ च्या दिवाळीत.

म्हणजे या पॉटमधल्या एकाही कपाचा वास त्याने कधी घेतला नव्हता. जळकी, पाणचट, लोखंडी, सगळं तो मनाने सांगत होता. तिला विश्वास वाटला की आज चांगली झालीय, तर तो तिचा चेहरा वाचून ओतून टाकत होता. फेब्रुवारीतली ती सकाळ तिला आठवली. पाच कप, बस येईपर्यंत. तिला रडू आलं नाही. तिने दळणी घेतली आणि नवी रिंग घातलेल्या पॉटमध्ये स्वतःपुरती कॉफी केली. चाळणीतला वापरलेला चोथा तसाच ठेवून पुन्हा पाणी चढवलं आणि ते गढूळ पाणी ज्ञानेशला दिलं. कॉफीतलं त्याला फक्त कडू कळत होतं, आणि हे कडू नव्हतं.

"आज जमली एकदाची," तो म्हणाला.

नोव्हेंबरात सावेसाहेबांची बढती होऊन ते मुंबईच्या मुख्य ऑफिसला जाणार, असं ठरलं. त्यांच्या जागेसाठी दोन नावं होती. त्यातलं एक ज्ञानेशचं. त्याने साहेबांना पत्नीसह शनिवारी संध्याकाळी घरी बोलावलं. गोजराबाई तेव्हा लेकीकडे परभणीला गेली होती. खाण्याचं बाहेरून मागवू, तू फक्त कॉफीकडे बघ, असं त्याने नंदिनीला चार वेळा सांगितलं. नवीन बिया मागवल्या. त्या दिवशी काही बिघडलं तर याद राख, असंही सांगितलं.

गुरुवारी दुपारी नंदिनीने हेमांगीकडून मूठभर सुका जवळा मागून आणला. चटणी करायचीय म्हणाली. ती सुकी बारीक कोळंबी तिने तीन पाण्यांतून धुतली, कारण खारट अजून त्याच्या जिभेला कळत होतं. मग गच्चीवर कडक वाळवली, तव्यावर काळपट होईपर्यंत भाजली, आणि दळणीत कॉफीच्या बियांबरोबर दळली. रंगात काही फरक दिसत नव्हता.

शनिवारी पाहुणे आले. समोसे झाले, मिठाई झाली, प्लांटच्या गोष्टी झाल्या. ज्ञानेशने स्वयंपाकघराकडे तोंड करून कॉफी आण म्हणून सांगितलं. पॉटमधून धार येऊ लागली तसा भाजक्या जवळ्याचा वास बाहेरच्या खोलीत गेला. सावेबाई मागे वळून म्हणाल्या, जेवणाचा घाट घातलाय की काय, आम्ही जेवायला थांबणार नाही हं. ज्ञानेशला त्या काय म्हणतात ते उमगलं नाही. तो नुसता हसला.

नंदिनीने ट्रे आणला. ज्ञानेशने पहिला कप साहेबांना दिला, दुसरा बाईंना, तिसरा स्वतः घेतला. साहेबांनी कप नाकाजवळ नेला आणि तिथेच थांबले.

ज्ञानेशने डोळे मिटले, लांब श्वास घेतला, घोट घेतला.

"चिकमगळूरची आहे, साहेब. आधी चॉकलेटचा वास येतो बघा. मग मागून जरा संत्र्याचा. मी हिला रोज सांगून सांगून इथपर्यंत आणलंय."

सावेबाईंनी कप खाली ठेवला आणि तोंडाला रुमाल लावला. साहेब ज्ञानेशकडे बघत राहिले.

"पुन्हा एकदा वास घे, ज्ञानेश," ते म्हणाले. "नीट घे. काय येतंय?"

"चॉकलेट," ज्ञानेश म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता. त्याने नंदिनीकडे पाहिलं. नेहमीसारखं तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का, ते बघत होता. तिने चेहरा कोरा ठेवला.

"यात जवळा आहे," साहेब म्हणाले. "मी माहीमचा आहे. झोपेतही ओळखेन."

साहेबांनी कप ट्रेमध्ये ठेवला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"कधीपासून येत नाही वास?"

ज्ञानेश म्हणाला, थोडी सर्दी आहे. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला. चंद्रभानच्या वेळी पंपापाशी कोण उभं होतं? ज्ञानेश ट्रेमधले कप नीट लावू लागला. कोरोनानंतर रुजू होताना वास येतो असं लिहिलेला फॉर्म त्याने सही करून दिला होता, तोही साहेबांना आठवला. ते उठले. दारात त्यांनी नंदिनीकडे वळून पाहिलं. ही चूक होती की मुद्दाम, हे त्यांना विचारायचं असावं, पण विचारलं नाही.

दार लागल्यावर ज्ञानेश सोफ्यावर बसला.

"का केलंस?" त्याने विचारलं.

"बरी नाही झाली का?" नंदिनी म्हणाली. त्याचा कप अर्धा भरलेला होता. तिने तो उचलून त्याच्या हातात दिला. "पी. सगळी."

तो तिला मारेल असं तिला वाटलं होतं. त्याने मारलं नाही. त्याने कप तोंडाला लावला आणि थांबत थांबत ती कॉफी प्यायली, आणि तिने ती प्यायलेली पाहिली.

सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला चार बाटल्या हुंगायला दिल्या. एकही ओळखता आली नाही. त्याला प्लांटमधून काढून मालाच्या गाड्यांच्या नोंदीवर गेटजवळ बसवलं. ज्या माणसांना तो नावाने हाका मारत नसे, ती आता जाता-येता नाकाला हात लावून सलाम करू लागली. मार्चमध्ये त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. कंपनीचा फ्लॅट सुटला, तेव्हा हेमांगीने पाममध्ये आपल्या चुलत्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मिळवून दिल्या.

गोजराबाई परभणीहून परतलीच नाही. फोनवर म्हणाली, "तूच खाल्लंस माझ्या लेकराला. आता त्याला घाल जेवायला." आणि फोन ठेवून दिला.

सामान लावताना हेमांगी नंदिनीला धीर देत होती. म्हणाली, तू किती जिवांचं भलं केलंस. उद्या मोठी गळती झाली असती आणि हा तिथे उभा असता तर? त्या चंद्रभानला तरी न्याय मिळाला.

"त्याला कुठे काय मिळालं," नंदिनी म्हणाली. "तो गावाला गेला. परत कोणी बोलावलं नाही त्याला. आणि मी ते त्याच्यासाठी केलं नव्हतं. मला त्याची आठवणही नव्हती."

त्यानंतर हेमांगीचं येणं कमी झालं.

जूनमध्ये नंदिनीला पालघरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळाली. सकाळी सव्वासातला ती निघते. त्याआधी स्वतःसाठी कॉफी करते आणि मागच्या पायरीवर बसून पिते. ज्ञानेश कामाच्या शोधात आहे असं सांगतो, पण बहुतेक दिवस घरीच असतो. घरी एकटं राहायची त्याला भीती वाटायला लागली आहे. सिलिंडर गळत असला तर आपल्याला कळणार नाही, हे त्याच्या मनाने घेतलं आहे. गॅसची नळी तो साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा तपासतो. तरी त्याचं समाधान होत नाही. रोज ती चपला घालू लागली की तो दारापर्यंत येतो आणि विचारतो, वास येतोय का गं?

येत नसतो. कधी ती तसं लगेच सांगते. कधी पर्स खांद्याला लावते, छत्री घेते, त्याच्याकडे बघते, आणि काहीच न बोलता रिक्षाकडे चालू लागते. कोपऱ्यावर वळताना तिला तो अजून दारातच उभा दिसतो, आत जावं की नाही हे न कळलेला.